लाल धाग्यात बांधलेली कात्री

गाठ बीजींची नव्हती.

बीजी गाठ मारायच्या ती सात वेढ्यांची आणि इतकी आवळून, की सोडवायला दाभण लागावं. आणि पत्र्याच्या पेटीत, कुमारिकांच्या चुनऱ्यांवर ठेवलेल्या त्या गाठोड्यावर तर लाल धाग्याचं एक गोजिरं फुलपाखरू बसलं होतं. दोन पंख, दोन शेपट्या. थेट शाळेच्या बुटाच्या नाडीसारखं.

बीजी पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मागे अंगणात अष्टमीच्या कुमारिकापूजनाला आलेल्या गल्लीतल्या नऊ छोट्या मुली रांगेत बसून पाय धुवून घेत होत्या. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा तुपकट वास येत होता आणि रिधम तांब्या घेऊन सातव्या मुलीच्या पायांशी पोचली होती. आपल्या आजीनं, बीजींनी, गाठोडं उचललेलं तिनं पाहिलं आणि तांब्यातलं सगळं पाणी त्या बिचारीच्या फ्रॉकवर गेलं.

"दीदी, पाय खाली आहेत!" ती मुलगी म्हणाली.

बाकीच्या आठ जणी खिदळल्या. रिधम हसली नाही. एरवी ती हसली असती, वर आणखी एक तांब्या ओतला असता. दहावीत गेल्यापासून, आणि त्यातून शाळेच्या गिद्धा नाचाच्या संघाची कप्तान झाल्यापासून, या घरात तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. आत्ता मात्र तिची नजर गाठोड्यावरून हटत नव्हती.

"सुनैना," बीजींनी रिधमच्या आईला हाक मारली. आवाज इतका हळू होता, की त्यानंच सगळे घाबरले. "हे कुणी सोडलं?"

मम्मी हातातला झारा घेऊनच बाहेर आली. तिनं गाठोड्याकडे पाहिलं, मग फुलपाखराकडे पाहिलं आणि झारा पाठीमागे लपवला. जणू झाऱ्यालाही धार असते.

पहिल्या माळेला घरातलं धारेचं जे जे काही, ते सगळं त्या गाठोड्यात गेलं होतं. तीन सुऱ्या, विपनचाचाचा वस्तरा, गोटा, म्हणजे जरीची किनार, कापायची छोटी कात्री आणि सगळ्यांत वर आजोबांची, भापाजींची, ती मोठी, वजिराबादची, त्यांच्या वडिलांनी फाळणीत उशीच्या कापसात लपवून आणलेली. ज्या घरात लंगूर असतो, म्हणजे नवसाचं मूल हनुमानाचं वानर होऊन नाचतं, त्या घरात दसऱ्यापर्यंत काही कापायचं नसतं. कांदा लसूण नाही, पायात चप्पल नाही, निजायचं जमिनीवर आणि सुरी-कात्री बंद. आणि यंदा लंगूर होता तो यांच्याच घरचा. चाचाचा किट्टू. वय वर्षं चार. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेला, बीजींनी बडा हनुमानापुढे ओढणी पसरून मागितलेला. लाल झगा, चांदीच्या गोट्याची उंच टोपी, पायांत घुंगरू, हातात छडी आणि मागे शेपूट अशा थाटात तो रोज सकाळ-संध्याकाळ ढोलामागे नाचत मंदिरात जात होता आणि परत येताना बर्फाचा गोळा मागत होता.

चाळीस वर्षं 'तिलकराज पोशाकवाले' या पाटीखाली भापाजींनी अर्ध्या अमृतसरच्या लंगुरांचे झगे शिवले होते. पण घरचा लंगूर हा पहिलाच. त्यामुळे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते आणि पाळायची सवय कुणालाच नव्हती.

"आधी मुलींना जेवू दे," बीजी म्हणाल्या. "मग बघते."

नऊ जणी पुरी, काळे चणे आणि शिरा खाईपर्यंत घरात कुणी चकार शब्द काढला नाही. इतक्या शांततेत पुऱ्या चावल्याचा आवाज रिधमनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. चुनऱ्या घेऊन मुली गेल्या. कमलेशबुआनं, रिधमच्या आत्यानं, दाराला कडी घातली. बुआ लग्न होऊन सुलतानविंडला राहायची, पण कडी घालायची वेळ आली की ती नेमकी इथे असायची.

"आता," बुआ ओढणीचं टोक कमरेला खोचत म्हणाली, "बीजी, गाठ नीट बघा. अशी गाठ या घरात कोण मारतं? भापाजी? ते तर पायजम्याची नाडीसुद्धा तुमच्याकडून बांधून घेतात."

"कमलेश!" भापाजी कळवळले.

"मी? मी सुलतानविंडला होते. सुनैनाभाभी? तिला गाठ मारताच येत नाही, ती सेफ्टीपिन लावते. मग एरवी रोज सकाळी किट्टूच्या बुटांना नाड्या कोण बांधतं?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. अंशुचाची जिन्याच्या शेवटच्या पायरीवर किट्टूला मांडीवर घेऊन बसली होती. आठ दिवस जमिनीवर झोपून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं आधी बुआकडे पाहिलं, मग बीजींकडे.

"अंशु, कापलं काही?" बीजींनी विचारलं.

चाचीचा हात कुर्त्याच्या खिशावर गेला. रिधमला वाटलं, आता चाची म्हणेल, मी कशाला कापू? मग बुआ काहीतरी टाकून बोलेल, चाचा खाकरेल आणि दोन तास गोंधळ होऊन सगळं शांत होईल. या घरातली भांडणं अशीच शांत व्हायची, दमून. जानेवारीत लोहडीच्या सणाला वरचा मजला कुणाला यावरून झालेलं तेवढं एक भांडण अजून दमलं नव्हतं. तेव्हापासून मम्मी आणि चाची एकमेकींशी मीठ-मिरचीपुरतंच बोलत होत्या.

पण चाची म्हणाली, "हो बीजी. चुकलं माझं."

तांब्या अजून रिधमच्या हातातच होता. तो तिनं खाली ठेवला, मग उगाच पुन्हा उचलला.

चाचीनं? चाचीनं कसं? कात्री तर रिधमनं काढली होती!

षष्ठीची दुपार. बीजी मंदिरात, मम्मी दळण आणायला, चाची वर न्हाणीघरात, भापाजी बंद दुकानात घोरत पडलेले. किट्टूनं झग्याच्या किनारीचा जरीचा धागा उसवून बोटाला गुंडाळला होता. गुंडाळत गेला, गुंडाळत गेला आणि मग तो निघेना. रिधम वह्या टाकून धावली तेव्हा बोट जांभळं झालं होतं आणि धागा मांसात रुतून दिसेनासा झाला होता. तिनं नखांनी ओढला, दातांनी ओढला. किट्टू आधी ओरडत होता, मग ओरडायचा थांबला आणि नुसता बघत राहिला, त्यानंच तिची जास्त घाबरगुंडी उडाली. पेटी, गाठोडं, सात वेढ्यांची गाठ. ती कशी सोडवली हे तिला अजून आठवत नव्हतं. हाताला आली ती मोठी कात्री. इतकुशा बोटाजवळ हातभर लांब पाती. कच्. धागा तुटला, रक्ताचा एक थेंब आला आणि बोट हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. मग तिनं सगळं परत बांधलं. घाईत, हाताला सवय होती तशी गाठ मारून.

सांगणारच होती ती. त्याच दिवशी. मग म्हटलं, जेवण झाल्यावर. मग सप्तमी उजाडली.

"ऐका मग," बीजी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात गाठोड्यावर दाबून धरले होते. "देवाचं मूल आहे हे दसऱ्यापर्यंत. ज्या हातानं धार धरली, तो हात दसऱ्यापर्यंत याला लागायचा नाही. विपन, घे त्याला."

"बीजी, चार वर्षांचं पोर आहे..." चाचा म्हणाला.

"घे म्हटलं ना!"

चाचानं किट्टूला उचललं. किट्टूला आधी वाटलं, खेळ आहे. मग चाची जिना चढून वर जायला लागली आणि मागे वळून पाहीना, तेव्हा त्यानं जो टाहो फोडला, तो कोपऱ्यावरच्या कुलच्याच्या दुकानापर्यंत गेला असणार.

रिधमच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. चाचीनं पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर तेव्हाच का नाही बोलली? आणि मला वाचवायला म्हणून खोटं बोलली असेल, तर का? मी तिची कोण? लोहडीच्या भांडणात तर मी मम्मीच्या बाजूनं केवढी तणतणले होते! रिधमला शहरातून पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी भूकही लागली होती, हे तर अगदीच लाजिरवाणं.

ती चाचीमागे गच्चीवर गेली.

चाची दोरीवरचा लाल झगा उलटा करून पुन्हा वाळत घालत होती. तो केव्हाच वाळला होता.

"चाची, तुम्ही मला पाहिलंत ना?"

"कधी?"

"षष्ठीला. पेटीपाशी."

"पेटीपाशी काय होतं षष्ठीला?"

"कात्री."

"कसली कात्री?"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालताना गाणं म्हणत होतं, ते थांबलं. म्हणजे तिकडेही कान टवकारले गेले होते.

"थांबा," रिधम हळू आवाजात म्हणाली. "मग तुम्ही खाली कबुली कशाला दिलीत?"

चाचीनं कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. तळव्यावर एवढंसं, चावीच्या जुडग्यात अडकवायचं नेलकटर होतं.

"तिसऱ्या माळेला," ती म्हणाली. "झग्यात घाम येतो गं त्याला. रात्रभर मान खाजवून खाजवून रक्त काढलं होतं. मी झोपेतच त्याची नखं काढली. कागदात गुंडाळून टाकली, आणि आज बीजींनी विचारलं, 'कापलं काही?' गाठीचं काय चाललंय ते मला कळलंच नाही. मला एवढंच कळलं की मी सापडले."

"पण गाठ माझी आहे!"

"आणि नखं माझी आहेत. म्हणजे त्याची. म्हणजे..." चाची हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तू का काढलीस कात्री?"

रिधमनं सांगितलं. बोट कुठल्या रंगाचं झालं होतं तिथवर आल्यावर चाचीनं मटकन खाली बसून घेतलं. मग तिनं रिधमचा हात धरला आणि तो उलटा-सुलटा करून बघत राहिली, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं.

"मी खाली जाऊन सांगते," रिधम म्हणाली.

"अजिबात नाही. माझ्यावर आलंच आहे, तर राहू दे. तीन दिवसांचा प्रश्न आहे. तू मधे पडलीस तर बुआ म्हणेल, आईनं शिकवून पाठवली. मग पुन्हा तुझी मम्मी आणि मी. नको."

खालून किट्टूचा आवाज आला. आता तो रडत नव्हता, एका सुरात नुसतं "मम्मा, मम्मा, मम्मा" चाललं होतं. कुणी दार वाजवत राहावं तसं. चाचीचा हात कठड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

रिधम तीन-तीन पायऱ्या टाकत जिना उतरली.

"मी सोडलं गाठोडं!" अंगणाच्या मधोमध उभं राहून ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा बराच मोठा निघाला. गिद्ध्याच्या गाण्यातल्या बोल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. "षष्ठीला. भापाजींच्या कात्रीनं. धागा कापला. चाचीचा काही संबंध नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा आहे."

"बघा!" बुआ म्हणाली. "चाचीनं वर नेऊन पढवलं."

"मी स्वतः वर गेले होते, बुआ."

"रिधम," मम्मी म्हणाली, "तू यात पडू नकोस."

"मी यातच आहे, मम्मी! यात दुसरं कुणी नाहीच आहे!"

तिनं चाचाच्या कडेवरून किट्टूचा हात ओढला आणि बीजींसमोर धरला. अनामिकेच्या मुळाशी दोरा ओढल्यासारखी बारीक लाल रेघ होती. बीजींनी चष्मा वर केला, खाली केला, बोट खिडकीच्या उजेडात नेलं.

"दीदीनं कच् केलं," किट्टू म्हणाला. आपल्याकडे सगळे बघताहेत म्हटल्यावर तो खुशीत आला. "आणि मम्मानं टिक् टिक् केलं. आणि बुआनं पपई दिली. लांब लांब."

सगळ्यांनी बुआकडे पाहिलं.

"लांब लांब म्हणजे?" भापाजींनी विचारलं.

किट्टूनं दोन बोटांनी मापच दाखवलं. सुरीनं कापल्याशिवाय जगातली कुठलीही पपई त्या आकाराची होत नाही.

"ती... ती घरची नव्हती!" बुआचा आवाज चिरकला. "गाड्यावरची होती. दुसऱ्यानं कापलेली. दुसऱ्यानं कापलेलं कसं चालत नाही? पोराचं पोट साफ नव्हतं, काय करणार?"

"वा, दीदी," मम्मी म्हणाली. तिनं कमरेवर हात ठेवले. सकाळपासून ती बुआच्या बाजूला उभी होती, ती दोन पावलं सरकून जिन्याकडे आली. चाची जिन्यावर येऊन थांबली होती. "वा. आणि आम्ही इथे दुधी गुडघ्यावर आपटून मोडतोय. बोटं बघा माझी!"

"परवाचा दुधी हलवा पण मोडूनच केलास का गं?" बुआनं विचारलं.

मम्मीनं कमरेवरचे हात खाली घेतले. "किसला," ती शेवटी म्हणाली. "किसणं म्हणजे कापणं नाही."

"किसणीला धार असते."

"अगं, पण ती गाठोड्यात बांधली नव्हती! बीजींनी बांधली नाही, म्हणजे चालत असणार. हो ना, बीजी?"

बीजी किसणीकडे बघत होत्या. ती भिंतीवर खिळ्याला अगदी निरागसपणे लटकत होती.

"आता सगळं निघतंच आहे तर," विपनचाचा खाकरला, "चौथ्या माळेला बँकेत साहेब आले होते. मी मिशी थोडी... नीट केली."

"तरीच!" भापाजी म्हणाले. "मला वाटलं उपवासानं झडली."

"आणि तुम्ही, भापाजी?" रिधमनं विचारलं. तिला आता भीतीच वाटेनाशी झाली होती. नुसती गंमत वाटत होती आणि ही गंमत वाटणं बरोबर आहे की चूक, तेही कळत नव्हतं.

"मी? छे! मी कात्रीकडे बघितलं नाही आठ दिवस. चाळीस वर्षांत एवढी सुट्टी नाही घेतली." भापाजींनी टोपी काढली, परत घातली. "शेपटीचा एक धागा लोंबत होता, तो दाढेनं तोडला. पण तिलकराजची दाढ म्हणजे काही धार नव्हे. दोनच उरल्यात."

"दाढ चालते का?" मम्मीनं बुआला विचारलं. भांडण विसरून, अगदी मनापासून.

"मला काय माहीत? चालत असेल. पपई चालत असेल तर दाढ चालेल."

"पपई चालतच नाही!"

"पंडितजींना विचारा," चाचा म्हणाला. बुआनं ताबडतोब फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे पंडितजींच्या मागे ढोल, घुंगरू, पोरांच्या किंकाळ्या आणि कुणीतरी हरवल्याची घोषणा असं सगळं एकदम चाललं होतं. बुआनं धागा, नखं, किसणी, मिशी आणि दाढ एका दमात सांगितलं. पपई तिनं गाळली.

"पपई सांगा," मम्मी म्हणाली.

"बहेनजी," पंडितजी ओरडून म्हणाले, "नवस कुणाचा आहे? ज्यानं शब्द दिला, त्यालाच विचारा काय शब्द दिला होता. तेवढंच पाळायचं. आता ठेवतो, गर्दी फार आहे!"

फोन बंद झाला. आता सगळे बीजींकडे बघायला लागले.

बीजी पेटीच्या झाकणावर बसल्या होत्या. इतकी वर्षं या घरात काय शिजायचं, कुणाचं लग्न कुठे करायचं, वरचा मजला कुणाला द्यायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. चुकीचं ठरवलं असेल, पण कधी 'माहीत नाही' म्हणाल्या नव्हत्या. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गर्दी होती," त्या म्हणाल्या. "दसऱ्याचा दिवस. माझा तोल गेला, मागून कुणीतरी ढकललं. मी म्हटलं, बाबा, या घरात एक लेकरू दे, तुझ्या दारात नाचवीन. नाचवीन म्हटलं, एवढं आठवतं. न कापण्याचं... म्हटलं असेल ना? सगळेच पाळतात. मी वेगळं म्हटलं का, नाही म्हटलं का..." त्या थांबल्या. "आठवत नाही मला."

"लेकरू म्हणालात की मुलगा?" रिधमनं विचारलं.

"लेकरू. बहुतेक."

"मुलगी झाली असती तर?"

"तर तिला नाचवलं असतं. हल्ली मुलीही होतात लंगूर. भापाजींनी शिवलेत की त्यांचे झगे." मग त्या एकदम चिडल्या. "आणि तू! तू मला का नाही सांगितलंस षष्ठीलाच?"

"तुम्ही मंदिरात होता, बीजी."

"आल्यावर सांगायचंस."

"आल्यावर तुम्ही त्याच्या कपाळाला अंगारा लावलात आणि म्हणालात, आज मन भरून मागितलं, आता याच्या केसाला धक्का लागायचा नाही." रिधमचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. "मग मला नाही सांगता आलं."

बीजींनी पुन्हा किट्टूचं बोट हातात घेतलं. "किती काळं पडलं होतं?"

"वांग्यासारखं."

"आणि मी तिकडे..." त्या बोटावरून त्यांचा अंगठा पुढे-मागे फिरत राहिला, पुढे-मागे. किट्टूला गुदगुल्या झाल्या, तो हसला. त्यांना हसू आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ढोलावर पहिली टिपरी पडली. संध्याकाळची फेरी निघाली होती.

घरातलं कुणीच हललं नाही. झगा वर दोरीवर होता, टोपी आत होती आणि कोणी काय करायचं ते सांगणारं माणूस पेटीवर बसलं होतं.

"बीजी," चाचानं विचारलं, "न्यायचं की नाही?"

"मला काय विचारतोस?" बीजी म्हणाल्या आणि लगेच, जणू स्वतःच्याच उत्तराला घाबरून, उठल्या. "अंशु! अशी काय उभी राहिलीस? झगा आण. घाल याला."

"मी?" चाची म्हणाली. "पण तुम्ही म्हणाला होतात, दसऱ्यापर्यंत..."

"म्हणाले असेन. मला आज काय काय म्हटलं ते काही आठवत नाही." त्यांनी किट्टूला चाचाच्या कडेवरून घेतलं आणि जिन्यापर्यंत चालत जाऊन चाचीच्या हातात दिलं. "घाल. ढोल पुढे गेला तर मग धावावं लागेल माझ्या गुडघ्यांना."

"पण बीजी, नवस!" बुआ म्हणाली.

"माझा आहे ना? मग मी बघते. तू ती पपई बघ."

मम्मी आत गेली आणि टोपी घेऊन आली. ती टोपी किट्टूच्या डोक्यावर ठेवायला ती आणि चाची दोघी एकदम वाकल्या, कपाळावर कपाळ आपटलं आणि "लागलं का?" असं दोघींनी एकदमच विचारलं. लोहडीपासूनचं मीठ-मिरचीखेरीजचं हे पहिलं वाक्य. मग टोपीचे बंद मम्मीनं बांधले आणि शेपूट चाचीनं.

मंदिराच्या रस्त्यावर लालच लाल झालं होतं. कडेवरचे लंगूर, खांद्यावरचे लंगूर, दुधाची बाटली तोंडात असलेले लंगूर, मिसरूड फुटलेले आणि मित्रांनी बघू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढलेले लंगूर. दहा-दहा ढोल एका वेळी वाजत होते आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. रोज बीजी किट्टूचा हात धरून सगळ्यांत पुढे असायच्या. आज एक हात चाचीच्या हातात होता आणि दुसरा रिधमच्या. तो दोघींच्या मधे लोंबकळून पाय वर घ्यायचा, घुंगरू खळखळायचे आणि कुणी रागावत नाही म्हटल्यावर पुन्हा घ्यायचा. बीजी मागे राहिल्या होत्या.

शेंदराच्या मूर्तीसमोर किट्टूनं डोकं टेकवलं, टोपी पडली, ती भापाजींनी झेलली. मागच्यांनी पुढे ढकललं तशी सगळी बाहेर आली. बीजी मात्र आत थांबल्या. रिधमला त्या गर्दीतून तुकड्या-तुकड्यानं दिसत होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, कुणाची तरी छडी खांद्याला लागतेय, तरी हलत नाहीत. किती वेळ ते कळेना. चाची दोनदा टाचा उंचावून बघून आली.

शेवटी त्या आल्या तेव्हा कपाळावर शेंदूर, डोक्यावरची ओढणी वाकडी आणि चेहऱ्यावर दुकानात जाऊन काय घ्यायचं तेच विसरलेल्या माणसासारखा भाव.

"काय झालं बीजी?" रिधमनं विचारलं. "विचारलंत?"

"विचारलं. सगळं सांगितलं. धागा, नखं, किसणी... कमलेशची पपई पण सांगितली. म्हटलं, बाबा, हे सगळं असं झालंय. तुटला का माझा शब्द?"

"मग?"

"मग काय? ते मेले ढोलवाले! दोघं अगदी माझ्या कानाशी. माझं बोलणं मलाच ऐकू आलं नाही, त्याला कुठून जाणार? आणि तो काही म्हणाला असेल, तर ते मला नाही ऐकू आलं."

"म्हणजे कळलंच नाही?"

"नाही."

बीजी किट्टूकडे बघत उभ्या राहिल्या. तो चाचीच्या कमरेला विळखा घालून बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे बोट दाखवत होता, त्याच बोटानं.

"उद्या परत येऊ," बीजी म्हणाल्या. "नवमीला सकाळी गर्दी कमी असते."

परतीच्या वाटेवर रस्ता खणलेला होता आणि अनवाणी पायांना खडी टोचत होती. अशा ठिकाणी बीजी नेहमी विपनचाचाचा खांदा धरायच्या. चाचानं सवयीनं खांदा पुढे केला. बीजींनी इकडे-तिकडे पाहिलं, दोन पावलं पुढे गेल्या आणि चाचीच्या खांद्यावर हात ठेवला.

चाचीनं किट्टूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चाल हळू केली.